खालच्या अंगाला

थोरलीच्या लॉन्ड्रीत एक बोली होती, ती गल्लीच्या पलीकडे कोणाला कळली नसती. चादर विरली, अभ्रा शिवणीत उसवला, हॉटेलच्या टॉवेलवर न निघणारा डाग बसला, की ती ते कापड दोन बोटांनी उचलून म्हणायची, "गेलं खालच्या अंगाला." लॉन्ड्रीच्या मागून नदी जायची. पाणी वरच्या अंगानं घ्यायचं, वापरलेलं खालच्या अंगाला सोडायचं, एवढा भूगोल थोरलीला जन्मभर पुरला होता. त्या खालच्या अंगाला, मोरीच्या पलीकडे, एक लाकडी खोका होता. त्यात पडलेलं कापड पुन्हा वर येत नसे. त्याची फडकी व्हायची, फडक्यांची पोतेरी, आणि पोतेऱ्याचं पुढं काय होतं ते विचारायला कोणी जात नाही.

हळूहळू ही बोली कापडापुरती राहिली नाही. कामाला दांडी मारणारी धुणारी, बुडालेलं दुकान, शेजारणीच्या भाच्याचं मोडलेलं लग्न, सगळं थोरली एका दमात खालच्या अंगाला पाठवायची. शाळेत ती अक्षरओळख होईपर्यंत गेली होती, आणि ओळख झाल्यावर अक्षरांशी तिनं फार सलगी ठेवली नव्हती. पण जीभ अशी, की शिकलेलीसुद्धा माणसं तिच्या दारावरून जाताना शर्टाची कॉलर सारखी करत.

तिचा नवरा मात्र मवाळ. त्यांना सगळे घडीवाले म्हणत. धुणं मशीनचं, इस्त्री बायकांची, पण शेवटची घडी त्यांची. मोठ्यातली मोठी चादर ते एकटे हवेत झुलवायचे आणि कडेला कड अशी लावायचे, की उघडणाऱ्याला मोडताना वाईट वाटावं. "माझ्या संसाराची घडी यांनीच घातली," थोरली म्हणायची, "मी नुसती इस्त्री फिरवली." यातली इस्त्री किती तापलेली असायची ते घडीवाल्यांना ठाऊक.

गेला महिनाभर घडीवाले सारखे उठून न्हाणीकडे जात होते. जात होते आणि तसेच परत येत होते, तोंड पाडून.

"मोरीशी काही सोयरीक जमवलीय का?" थोरलीनं विचारलं.

"पाणी जास्त पितोय म्हणून."

"जेवण कमी का मग?"

"जेवणात लक्ष नाही."

यावर ती गप्प बसली, कारण बोलायला गिऱ्हाईक उभं होतं. पण एका सकाळी तिनं त्यांची घातलेली चादर गठ्ठ्यावरून उचलली आणि तिचा हात थांबला. कड कडेला लागली नव्हती. बोटभर सुटली होती. लग्न झाल्यापासून तिनं या माणसाला रागावलेलं, तापानं फणफणलेलं, बापाच्या मरणानं खचलेलं पाहिलं होतं, पण कड सुटलेली पाहिली नव्हती. तिनं चादर गपचूप मोडली, स्वतः वेडीवाकडी पुन्हा घातली आणि जावयाला फोन लावायला लेकीला सांगितलं.

जावई साबणाच्या कारखान्यात कचेरीत बसायचा. माणूस भला, पण एक इंग्रजी शब्द तोंडी लावल्याशिवाय त्याला वाक्य उतरत नसे. थोरली त्याला तोंडावर जावईबापू म्हणायची आणि मागं इस्टीलची किटली. तरी दवाखान्याचं काम निघालं की पहिली आठवण त्याचीच व्हायची, कारण किटलीला तोंड असतं आणि ते डॉक्टरांसमोर उघडतं.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ते तिघं बसले. घडीवाल्यांना आत नेऊन तपासलं. आतून तरुण डॉक्टर घाईघाईनं बाहेर आला. थोरली पुढं झाली, पण तो बोलला जावयाशी. जावयाच्या खिशाला पेन होतं.

"दोन्ही किडन्या बऱ्याच सुजल्यात. प्रॉब्लेम डाउनस्ट्रीम दिसतोय. थांबू नका, समोरच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरीणबाई आहेत, आत्ताच दाखवा. मी फोन करून ठेवतो."

आणि तो पुढच्या पेशंटला घेऊन आत गेला. दार लागलं.

घडीवाले अजून आतल्या बाकावर सदऱ्याची बटणं लावत होते. थोरलीनं जावयाची बाही धरली.

"सुजल्यात ते ऐकलं मी. ते दुसरं काय म्हणाला?"

"डाउनस्ट्रीम."

"ते कोणतं दुखणं?"

"दुखणं नव्हे, आई. मुळात नदीचा शब्द आहे. नदी जिकडं वाहत जाते ना, ती बाजू. आपण नाही का म्हणत, खालच्या अंगाला."

थोरली खाली बसली, हातातली पिशवी मांडीवर आली.

"किडन्या गेल्या खालच्या अंगाला?"

आता, जावयाला त्या खोक्याची बोली माहीत असती तर तो तिथंच थांबला असता. पण लॉन्ड्रीत तो सणावाराला पाहुणा म्हणून यायचा, मोरीपर्यंत कोण जातं? तो विचार करत म्हणाला, "तसंच काहीसं. बघा, आमच्याकडं साबण शिजतो ते अपस्ट्रीम. वड्या पाडायच्या, कागद गुंडाळायचा, ते सगळं डाउनस्ट्रीम. माणूस तोंडानं खातो, मग पोट, मग रक्त, आणि किडन्या पार शेवटी. म्हणजे डाउनस्ट्रीम त्याच की."

"शेवटीच," थोरली म्हणाली.

"हो. शेवटच्या टप्प्यात."

हे शेवटचं वाक्य बोलायची काहीएक गरज नव्हती. पण किटली एकदा कलली की थेंब राहीपर्यंत ओतते.

समोरच्या हॉस्पिटलापर्यंत एक रस्ता ओलांडायचा होता. घडीवाले हळूहळू चालत होते, एक हात ओटीपोटावर, दुसरा बायकोच्या खांद्यावर.

"काय म्हणाला पोरगा?"

"काय म्हणायचंय. मोठ्या डॉक्टरीणबाईंना तुमचं तोंड बघायचंय."

"तोंडात काही नाही माझ्या."

"तेच तर. माझ्या तोंडात आहे तेवढं पुरतं दोघांना."

नेहमीसारखंच बोलली ती, पण खांद्यावरचा हात तिनं आपल्या हातानं दाबून धरला होता, आणि घडीवाल्यांच्या ते ध्यानात आलं. इतक्या वर्षांत रस्त्यानं ती त्यांच्या चार पावलं पुढं चालत आली होती.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. नर्सनं घडीवाल्यांना खुर्चीत बसवलं, थोरली भिंतीकडच्या बाकावर बसली. भिंत हिरवी, खालून ओल चढलेली. थोरली त्या ओलीकडं बघत राहिली आणि तिच्या डोक्यात खोका यायला लागला. ती तो ढकलत होती, तो परत येत होता. मग तिनं जन्मभर जे केलं तेच केलं. रडण्याऐवजी काहीतरी ठरवलं. उठून नर्सकडं गेली.

"बाई, किडनी द्यायची असेल तर उपाशीपोटी यावं लागतं का? मी सकाळी चहा घेतलाय."

नर्सनं मान वर केली. "कोणाला द्यायची?"

"तुम्हाला तर नाही."

"डॉक्टरीणबाईंशी बोला, आजी."

"त्यांच्याशी बोलणारच आहे. तयारीनं बोलावं म्हणून विचारलं."

तेवढ्यात लेक आली. मशीन तशीच सोडून निघाली होती, बोटं अजून पाण्यानं सुरकुतलेली. जावयानं तिला दारातच डाउनस्ट्रीम सांगितलं असावं, कारण ती आली ती डोळे पुसतच.

"आई, मी देईन किडनी."

"तू गप. तुझी पोरं लहान आहेत. माझीच घेतील."

"तुझं वय काय, आई?"

"वयाचं काय त्यात? वापरलेली असेल, पण धुतलेली आहे."

"हळू बोल, बाबा ऐकतील."

"ऐकलंय त्यांनी," खुर्चीतून घडीवाले म्हणाले. दोघींनी वळून पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तोंडावर त्यांचं ते नेहमीचं मवाळ हसू आणायचा प्रयत्न होता. "हिची किडनी मला बसवू नका रे. बाहेरून बोलते तेवढं पुरे. आतून पण टोचून बोलायला लागली तर मी जाऊ कुठं?"

लेक हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला. थोरली हसली नाही.

घडीवाल्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग हळूच, जणू गठ्ठ्यातलं कुठलं कापड निवडायचं ते विचारावं तसं, म्हणाले, "म्हणजे मी गेलो म्हण खालच्या अंगाला."

गल्लीतल्या कोणाही शहाण्याला थोरली सव्वाशेर उत्तर द्यायची. पण हे शब्द तिचेच होते. दिवसातून कितीदा तिनं ते फेकले होते, फाटक्या चादरीवर, लोकांच्या लेकीसुनांवर. आता ते तिच्याच घरातल्या माणसानं उचलून स्वतःवर ठेवले, तेही असे नीट, कडेला कड लावून. गिळून परत घेता आले असते तर तिनं ते खळीच्या पाण्यासकट गिळले असते.

"नवराबायकोला आत बोलावलंय," नर्स म्हणाली. जावई पण उठला, कारण त्याला वाटलं किटली लागेल.

डॉक्टरीणबाई थोरलीपेक्षा थोड्या लहान असतील. ठेंगण्या, केसांना टोपीचा वळ पडलेला, चेहरा थकलेला पण डोळे जागे. त्यांनी घडीवाल्यांना टेबलावर आडवं केलं, पोट दाबून पाहिलं, हातमोजे घालून पडद्याआड तपासलं, सोनोग्राफीची फिल्म उजेडावर धरली. त्या तोंड उघडणार एवढ्यात थोरली म्हणाली, "माझी घ्या. डावी का उजवी ते तुमचं तुम्ही बघा."

"काय घेऊ?"

"किडनी."

"कशाला?"

"यांच्या गेल्यात ना खालच्या अंगाला."

डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग जावयाकडं.

"डाउनस्ट्रीम," जावई म्हणाला. "समोरचे डॉक्टर म्हणाले, प्रॉब्लेम डाउनस्ट्रीम आहे."

"बरोबर म्हणाले. कशाच्या डाउनस्ट्रीम?"

कशाच्या, हे जावयानं विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म खाली ठेवली. "यांना तुम्ही काय म्हणता, बाबा?" त्यांनी टेबलावरच्या घडीवाल्यांना विचारलं.

"थोरली. सगळेच म्हणतात."

"कोणाच्या थोरल्या?"

"माझ्या दोन धाकट्या बहिणी आहेत," थोरली म्हणाली. तिला हे बोलणं कुठं चाललंय ते कळेना, आणि न कळलेलं तिला सोसत नसे. "किडनीचं बोला ना, बाई."

"तेच बोलतेय. धाकट्या नसत्या तर तुम्ही थोरल्या कसल्या? हा शब्द तसाच आहे. एकटा उभा राहत नाही. पुलाच्या खालच्या अंगाला, धरणाच्या खालच्या अंगाला, कशाच्या तरी खालच्या अंगाला. समोरचे डॉक्टर म्हणाले ते किडन्यांच्या खालच्या अंगाला. बिघाड किडन्यांत नाही. त्यांच्या पुढं, वाटेत आहे. पुरुषांना मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. वयानं ती वाढते, वाट आवळते. लघवी पुढं जायला जागा नाही, म्हणून ती मागं चढते. मूत्राशय तुडुंब भरलंय, आणि त्याच्या दाबानं वर किडन्या फुगल्यात."

मग थोरलीनं एक एक शब्द पाण्यात बुचकळून काढावा तसा विचारला.

"म्हणजे मोरी तुंबलीय."

"हो."

"टाकी शाबूत आहे."

"टाकीला ताण पडलाय. रक्त तपासू, दोनचार दिवस इथं ठेवून बघू. पण वाट मोकळी झाली की टाकी सावरेल, असंच दिसतंय मला. आज नळी घालून पाणी काढते. मग त्या ग्रंथीचं ऑपरेशन, तेही दुर्बिणीतून. हाताला साधीच लागतेय, कॅन्सरची वाटत नाही, तरी खात्री करून घेऊ. तुमच्या दोन्ही किडन्या तुमच्यापाशीच ठेवा."

"महिनाभर न्हाणीत जाऊन कोरडे येत होते," थोरली म्हणाली. "मला म्हणाले, पाणी जास्त पितोय."

"थेंब थेंब व्हायची," टेबलावरून घडीवाले छताला सांगितल्यासारखं म्हणाले. "बायकोला काय सांगायचं असलं?"

"गिऱ्हाइकांच्या चड्ड्या धुऊन घर चालवलं मी. मला काय लाजताय?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडाला मास्क लावला, तो कदाचित हसू झाकायला, आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

पडदा ओढला गेला. थोरली पडद्याच्या अलीकडं उभी राहिली, बाहेर जा म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू येणार नाही अशी. आत भांड्यांचा आवाज, नर्सचं "सैल सोडा, बाबा", घडीवाल्यांचं एक "आई गं". मग काही नाही. मग घडीवाल्यांचा श्वास ऐकू आला, लांब, महिनाभर कोंडून ठेवलेला, संपेचना असा.

"सुटलो," ते म्हणाले. "सुटलो गं बाई."

"अजून येतंय," आतून नर्स म्हणाली. "केवढं साठवलं होतं, बाबा."

थोरली भिंतीला टेकत टेकत बाकापर्यंत आली आणि बसली. लेकीला वाटलं आई रडतेय, पण ती नाक पुसत होती आणि तोंडानं हसत होती, आणि दोन्ही एकदम करताना माणूस कसा दिसतो याची तिला पर्वा नव्हती.

जावई समोर उभा होता, पेन खिशातून काढून हातात घेतलेलं, काढलं कशाला ते विसरलेला.

"चुकलं, आई," तो म्हणाला.

"चुकलं कुठं? शब्द बरोबर आणलात. शेपूट तेवढं रस्त्यात टाकून आलात."

"शेवटच्या टप्प्यात म्हणायला नको होतं मी."

"नको होतं," थोरली म्हणाली. आणखी पुष्कळ तिच्या जिभेवर आलं होतं, इस्टीलच्या किटलीपासून पुढं. पण जावयाचे ओठ सुकलेले होते, आणि हा माणूस सकाळपासून कचेरी सोडून तिच्या नवऱ्याच्या चपला हातात घेऊन फिरत होता. सोनोग्राफीच्या खोलीत काढलेल्या चपला. अजून त्याच्या काखेत होत्या. तिला त्या आत्ता दिसल्या. आणि रस्ता ओलांडताना घडीवाले अनवाणी होते, हेही आत्ताच कळलं.

"बसा, जावईबापू," ती म्हणाली. "मीही ऐकायच्या आधी समजले, त्याचं काय. पोरी, यांना चहा आण. मला पण. आता उपाशी राहायचं कारण उरलं नाही."

रक्ताचे आकडे दिवसागणिक खाली आले. ते खाली येणं मात्र चांगलं असतं, हे थोरलीनं डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं. खाली म्हणजे कशाच्या खाली, हेही विचारलं. मग ऑपरेशन झालं. ग्रंथी साधीच निघाली.

लॉन्ड्रीत थोरली परत उभी राहिली ती नवा शब्द घेऊन. शब्द नवा, पण तिच्या तोंडात असा बसला जणू आजोळहून आणलाय. इस्त्रीवाली ओरडली, चादरी ओल्या येतायत, तेव्हा थोरली म्हणाली, "तुझा दोष नाही बाई. अपस्ट्रीम बघते मी." आणि पिळणीच्या मशीनवरच्या माणसाला धारेवर धरलं. गठ्ठे वेळेत गेले नाहीत म्हणून हॉटेलचा माणूस फोनवर तणतणला, तर म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी उशिरा आली. तुम्ही आमच्या अपस्ट्रीम. वर तुंबलं की खाली कोरडं." त्या माणसानं फोन ठेवला. शब्द कळला म्हणून की न कळला म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक.

आणि कापड फाटलं की ती नुसतं म्हणायची, "टाक चिंध्यांत." खोका तिथंच होता, मोरीच्या पलीकडे. जुनं नाव तिनं पुन्हा तोंडातून काढलं नाही. एकदोघांच्या ध्यानात आलं असेल. विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

घडीवाले नळी काढून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून न्हाणीकडं गेले. थोरली टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहिली. लेक म्हणाली, "आई, असं काय उभी राहतेस?" थोरलीनं तिला हातानंच गप्प केलं. आतून आवाज येत नव्हता. मग आला. आधी चाचपडत, मग सरळ, मग चांगली भरघोस धार, न थांबणारी. नदीकाठी जन्म गेला थोरलीचा. पाण्याचा आवाज तिला कधी ऐकूच येत नसे, जसा स्वतःचा श्वास येत नाही. आज तिनं कान देऊन ऐकला, शेवटच्या थेंबापर्यंत.

"झालं का?" ती दारावर थाप मारून म्हणाली. "बाहेर या आता. गठ्ठा पडलाय, आणि तुमच्यावाचून कोणाला कडेला कड लावता येत नाही."

"येतो," आतून आवाज आला. "डाउनस्ट्रीम सगळं ठीक आहे."

"कशाच्या?" थोरलीनं विचारलं.

आत घडीवाले हसायला लागले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.